बारा वर्षांच्या पोराला फाशी!

26 ऑगस्ट 1994 रोजी पुण्यातल्या एका घरात पाच स्त्रिया आणि दोन मुले यांची निर्घृण हत्या झाली. त्या स्त्रियांपैकी एक गरोदर होती. त्या दिवसाच्या आठवणीने पुणेकराच्या अंगावर आजही काटा उभा राहतो आणि अपराध्यांना कठोर शासन व्हावे या लोकभावनेत तिळमात्र चूक नव्हती. परंतु ज्यांना 1998 साली सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, 1999 साली मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले आणि त्याच वर्षी पुनर्विलोकनाचा अर्जही केराच्या टोपलीत गेला, त्यांतला एक आरोपी गुन्ह्याच्या दिवशी अवघा 12 वर्षे 6 महिन्यांचा होता, हे या देशाच्या न्यायव्यवस्थेने 2023 साली मान्य केले. तोवर त्याची 28 वर्षे गजाआड गेली होती. त्या वयाच्या मुलाला कायद्याने द्यायची जास्तीत जास्त शिक्षा होती तीन वर्षे!

हा अपवाद म्हणून सोडून द्यावा, तर देहरादूनचे प्रकरण समोर उभे राहते. सालही तेच, 1994. गुन्हा खुनाचाच आणि आरोपी 14 वर्षांचा. आपण अल्पवयीन असल्याचे त्याने सांगितले, तेव्हा त्याचे बँकेत खाते आहे, म्हणजे तो सज्ञानच असला पाहिजे, असा अजब न्याय लावून 2001 साली त्याला फाशी ठोठावण्यात आली. अपील फेटाळले, पुनर्विलोकन फेटाळले, त्यापुढची उपचारात्मक याचिकाही फेटाळली. राष्ट्रपतींनी फाशी रद्द केली खरी, पण वयाच्या साठीपर्यंत तुरुंगात राहण्याची अट घालून. शिक्षेचा फेरविचार करा, असे म्हणत तो उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या दारी गेला, तर राष्ट्रपतींच्या आदेशात आम्ही कितीसा हात घालणार, असे सांगून त्या न्यायालयानेही त्याला परत पाठवले. त्या नकारावर त्याने अपील केले, तेव्हा कुठे 8 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली आणि हा अन्याय न्यायालयांच्याच हातून घडल्याची कबुली दिली. मधल्या काळात त्याने सुमारे 25 वर्षे तुरुंगात काढली होती.

आम्ही विचारतो, हे नकार कशाच्या बळावर दिले गेले? अल्पवयाचा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो, असे आपला कायदा स्वच्छ शब्दांत सांगतो. पुण्याच्या प्रकरणातला पुरावा काही पाताळात दडलेला नव्हता. राजस्थानातल्या एका खेड्यातल्या शाळेचे प्रवेश रजिस्टर, त्यातली एक ओळ आणि त्या ओळीत जन्मतारीख, 1 फेब्रुवारी 1982! ती ओळ समोर आल्यावर आमच्या महाराष्ट्र सरकारने काय करावे? चूक पदरात घ्यावी? छे! शाळेतले नाव आणि आरोपपत्रातले नाव यांतल्या अक्षरांचा फरक काढून सरकार भांडत राहिले. गुन्हा कितीही अघोरी असो, त्याने बारा वर्षांच्या पोराला मिसरूड फुटत नाही, एवढे कळायला कायद्याची पदवी लागत नाही.

या हट्टामागचे कारण उघड आहे. ज्यांचे दफ्तर बंद होते ते सारे गरीब, परमुलखात पकडलेले, वकील नेमण्याची ऐपत नसलेले लोक असतात आणि त्यांच्यासाठी जुनी फाईल पुन्हा उघडणे म्हणजे आपल्याच सहीवर काट मारणे. नाशिकचे प्रकरण आठवा. 2003 साली पाच जणांच्या हत्येबद्दल भटक्या जमातींतले सहा मजूर धरले गेले. जिवंत वाचलेल्या माउलीने पोलिसांच्या अल्बममधल्या भलत्याच चौघांच्या फोटोंवर बोट ठेवले होते, पण त्या चौघांचा तपासच झाला नाही. उच्च न्यायालयाने त्यांतल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली आणि तीसुद्धा त्यांचे म्हणणे न ऐकता. 2019 साली सहाही जण निर्दोष सुटले आणि सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. तुरुंगातल्या सोळा वर्षांचा हिशेब मांडा, दिवसाला सुमारे 85 रुपये पडतात. त्याच साली रोजगार हमीवर माती उपसणाऱ्या मजुराला याच्या दुपटीहून अधिक मजुरी होती! अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा 1871 सालचा इंग्रजी कायदा 1952 साली रद्द झाला म्हणून आपण पाठ थोपटून घेतो. कायदा रद्द झाला. नजर तीच राहिली.

शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे वाक्य शाळेतल्या पोराला पाठ असते आणि न्यायासनावरूनही ते वारंवार ऐकू येते. पण फाशीच्या कैद्याचा पुनर्विलोकन अर्ज खुल्या न्यायालयात तोंडी युक्तिवाद ऐकूनच निकालात काढावा, हा साधा नियम घालून घ्यायला स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाला 2014 साल उजाडावे लागले. जन्मठेपेच्या कैद्याच्या वाट्याला तेवढेही नाही. त्याचा अर्ज आजही न्यायमूर्तींच्या दालनात हातोहात फिरतो आणि वकिलाला चार शब्द बोलण्याचीही मुभा न देता बहुधा तिथेच निकालात निघतो. ज्या राष्ट्रात ग्रामपंचायतीच्या नळजोडणीच्या तक्रारीवरही माणसाला उभे राहून बोलता येते, तिथे आयुष्यभराच्या कैदेवर बोलता येऊ नये?

आमची मागणी स्पष्ट आहे. खुनाच्या प्रत्येक खटल्यात आरोपीच्या वयाची शहानिशा न्यायालयाने पहिल्याच दिवशी स्वतःहून करावी. जन्मठेपेच्या प्रत्येक कैद्याला फेरविचाराच्या अर्जावर खुली सुनावणी मिळावी. आणि नकार द्यायचाच असेल, तर त्याची कारणे त्या कैद्याला कळतील अशा त्याच्या भाषेत लिहून द्यावीत. अंतिम निकालाचा मान राखलाच पाहिजे, हे आम्हाला मान्य आहे. पण तो मान चूक दुरुस्त करण्याने वाढतो, चूक झाकण्याने नव्हे, हे शहाण्या वाचकाला आम्ही सांगायला नको.

त्या खेड्यातल्या शाळेच्या रजिस्टरातली ती ओळ 1994 सालीही तिथेच होती. एका पोस्टकार्डाच्या खर्चात ती मागवता आली असती. ती वाचायला राज्यसंस्थेने 28 वर्षे घेतली. हाही गुन्हाच आहे आणि त्यातला आरोपी अजून मोकाट आहे.