जिभेला फाशी कशाला?

दिवाळी आली की आमचे उपदेशक जिभेला फाशी द्यायला निघतात. सुटलेले पोट म्हणजे म्हणे दुबळ्या मनाची खूण! मग १९४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण प्रयोगासाठी स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी राहिले, त्यांचे काय? मनाचे ते खंबीरच होते. तरी त्यांतले कित्येक पाककृतींची पुस्तके चाळीत बसू लागले! उपाशी शरीर सूड घेते तो असा. तेव्हा वाचकहो, दुपारचे पान चुकवून रात्री चकल्यांच्या डब्यावर धाड घालणे हा संयम नव्हे. वेळेवर वरण, उसळ, भाजी घेऊन नीट जेवा. मग एक करंजी खुशाल खा आणि डबा फळीवर ठेवा. जिभेला शिव्या देण्यापेक्षा पोटाशी तह बरा!