मनोरुग्णालयाचा कारभार: उपचाराचेच एक अंग

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, हरयाणातील मानेसर येथे, अरवलीच्या टेकड्यांच्या सान्निध्यात राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र उभे आहे. २००३ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्रास अर्पण केले. मज्जापेशींचे व्यापार कसे चालतात, स्मृती कशी टिकते, रोगाने ती कशी ढासळते, अशा प्रश्नांचा तेथे अभ्यास होतो. अशा संस्थांचे मोल मोठे आहे. तथापि, मेंदूविषयीचे ज्ञान वाढले की मनोरुग्णाचे दुःख आपोआप हलके होईल, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. प्रयोगशाळा आणि रुग्णाची खाट यांच्यामध्ये रुग्णालयाचा कारभार उभा असतो. तो चांगला नसेल, तर उत्तम औषधही रुग्णापर्यंत पोहोचत नाही.

हा कारभार कोणाच्या हाती असावा? भारतात एके काळी वेड्यांची इस्पितळे तुरुंगांच्या महानिरीक्षकांच्या देखरेखीखाली होती. उंच भिंती, कुलपे आणि हजेरी यांनाच तेथे महत्त्व होते. १९१२ च्या कायद्याच्या सुमारास ही देखरेख वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आली. पुढे दहा-बारा वर्षांत ‘वेड्यांचे इस्पितळ’ हे नाव जाऊन ‘मनोरुग्णालय’ हे नाव आले. नाव पालटले, परंतु तुरुंगाची रीत अनेक ठिकाणी दीर्घकाळ टिकली. पाटी बदलणे सोपे असते; किल्ल्यांचा जुडगा बाळगणाऱ्याची वृत्ती बदलणे कठीण.

ती बदलू शकते, याचे उदाहरण मात्र भारतातच घडले. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर होते. रुग्णांची गर्दी फार, आणि साधने अपुरी. त्यांनी नातेवाइकांस बोलावून रुग्णालयाच्या आवारात तंबूंतून रुग्णांसोबत राहावयास सांगितले. रुग्णाची सेवा करता करता आजार म्हणजे काय, हे त्या मंडळींस कळू लागले. मनातील भीती ओसरली आणि बऱ्या झालेल्या माणसास घरी नेण्याची तयारी झाली. हा निर्णय कोणत्याही नव्या औषधाचा नव्हता. जागा कोणास द्यावी, फाटक कोणासाठी उघडावे, एवढाच तो होता, म्हणजे निव्वळ प्रशासनाचा. तरीही त्याने उपचाराचे कार्य केले.

येथे एक आक्षेप घेतला जातो. मनोविकारतज्ज्ञ देशात थोडे आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. मग अशा दुर्मिळ तज्ज्ञाने धान्याची कोठी, निविदा आणि रजेचे अर्ज का पाहावेत? आक्षेप निराधार नाही. हिशेब, खरेदी, इमारतींची दुरुस्ती ही कामे त्या कामात तयार झालेल्या व्यवस्थापकाकडेच द्यावीत. परंतु कोणत्या कक्षाला कुलूप असावे, आप्तांनी केव्हा भेटावे, रुग्णाच्या हातांना कोणते काम द्यावे, रात्रपाळीस किती परिचारिका असाव्यात, हे प्रश्न वरवर कचेरीचे दिसले तरी त्यांची उत्तरे रुग्णाच्या मनावर उमटतात. ती उत्तरे रोग जाणणाऱ्यानेच दिली पाहिजेत.

कायद्यानेही आता हेच ओझे प्रमुखाच्या खांद्यावर ठेवले आहे. २०१८ साली अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई आहे. अपरिहार्य म्हणून त्यास जखडावे लागल्यास प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवून दरमहा पुनर्विलोकन मंडळास कळवावी लागते. केवळ घरचे स्वीकारीत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्या कारणाने कोणास रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. ही कलमे कागदावरून कक्षात उतरवणे हे नेतृत्वाचे काम आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळूही शकले नाहीत आणि पंचवीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. देखरेख ढिली पडली म्हणजे काय होते, हे त्या दिवशी दिसले.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. अशा प्रत्येक संस्थेचा प्रमुख होणाऱ्या वैद्यास अंदाजपत्रक वाचणे, सहकाऱ्यांचे मन राखणे व कायदा पाळणे यांचे शिक्षण पदव्युत्तर अभ्यासक्रमातच मिळावयास हवे. आज हे धडे तो बहुधा खुर्चीवर बसल्यानंतर चुका करीत शिकतो, आणि त्या चुकांची किंमत रुग्ण मोजतो. त्याच्या कार्याचे मोजमापही किती खाटा भरल्या यावरून न करता, किती माणसे बरी होऊन घरी परतली आणि घरीच टिकली, यावरून करावे.

मानेसरच्या प्रयोगशाळेत उद्या एखादे मोठे सत्य गवसेल. त्या सत्याचा लाभ एखाद्या खेड्यातील रुग्णास होईल की नाही, हे मात्र त्याच्या जवळच्या रुग्णालयाचे फाटक कोण आणि कशासाठी उघडतो, यावर अवलंबून राहील.