माळढोक दिसेनासा झाला, पण माळ कुणी गिळला?



सोलापुरातून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज लागतं. आमच्या अभ्यासवर्गातली काही पोरं घेऊन आम्ही तिथल्या माळढोक अभयारण्यात गेलो होतो. काळवीट दिसले, दूरवर एक लांडगा दिसला, चंडोल दिसले. माळढोक दिसला नाही. तो आता सहसा कुणालाच दिसत नाही. एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

परतताना एक पोरगा म्हणाला, "सर, जो पक्षी दिसतही नाही त्याच्यासाठी एवढा माळ राखलाय, आणि माझ्या बापाला गायरानातल्या दोन एकरांसाठी तीस वर्षं हेलपाटे. पक्षी आमच्यापेक्षा मोठा आहे का?"

याच्या बरोबर उलट वाक्य आम्ही काही महिन्यांपूर्वी शहरातल्या एका कार्यक्रमात ऐकलं होतं. वक्ते निसर्गप्रेमी होते. ते म्हणाले, "गायरानं बळकावणाऱ्यांनी माळढोक संपवला." सभागृहात टाळ्या पडल्या. बळकावणारे म्हणजे कोण, हे त्यांना सांगावं लागलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

आज आम्ही दोघांनाही उत्तर देणार आहोत. आमच्या पोराला आधी, कारण तो आपला आहे. पण त्यासाठी माळाची गोष्ट मुळापासून सांगावी लागेल.

'पडीक' हा शब्द कुणाचा?

माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे. कमी पावसाच्या, उथळ मुरमाड जमिनीवर झाडी दाट होत नाही, गवत होतं. त्या गवतावर नाकतोडे, भुंगेरे, सरडे जगतात, काळवीट चरतात, लांडगा आणि खोकड जगतात. आणि तिथेच माळढोक जगायचा. जवळपास मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणजे माळ गेला की त्याला दुसरं घर नाही.

इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली ती महसुलासाठी. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती त्यांच्या लेखी 'वेस्ट', म्हणजे पडीक. स्वातंत्र्यानंतरही दप्तर तेच राहिलं. आजही सरकार देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं आणि त्यात गवताळ माळ पडीक म्हणून रंगवलेले असतात. वनखात्यानेही बरीच वर्षं माळ म्हणजे झाडं नसलेलं, म्हणून बिघडलेलं जंगल असंच धरलं आणि त्यावर गिरिपुष्पासारखी झाडं लावली. माळाला झाडं लावून मारता येतं, हे कळेपर्यंत फार उशीर झाला.

मित्रांनो, हा शब्द आपल्याला नवा आहे का? जे आपल्या कामाचं नाही ते टाकाऊ, आणि जे टाकाऊ ते कुणीही तुडवावं. गावाने माणसांना हेच केलं. महारवाडा, मांगवाडा गावाबाहेर, आणि कसायला काय, तर हाडकी-हाडवळा. त्या वतनाच्या तुकड्यापायी पिढ्यान्‌पिढ्या गावकीची वेठ. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते हा फास तोडण्यासाठी. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं.

ज्या व्यवस्थेने जमिनीला पडीक ठरवलं तिनेच माणसांनाही पडीक ठरवलं. आमचा मुद्दा इथून सुरू होतो.

मारला कुणी?

आता टाळ्या वाजवणाऱ्या सभागृहाकडे वळू.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगर परिसरात मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने वीसेक वर्षांत नऊशेहून अधिक माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने! आज संपूर्ण भारतात दीडशेसुद्धा माळढोक उरलेले नाहीत. साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या बंदुकीला 'शिकार' म्हणायचं, तिची चित्रं दिवाणखान्यात लावायची. आणि फासेपारध्याने पोटासाठी तितर-लावा धरला की तो गुन्हेगार.

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी जन्मानेच माणसं गुन्हेगार ठरवली. आपल्या सोलापुरात त्यांच्यासाठी सेटलमेंट होती: तारेचं कुंपण, रोजची हजेरी, आणि गिरण्यांना स्वस्त मजूर. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, पण वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच आहे, आणि चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून पारध्यांच्या पालाकडेच वळते. माळाची नस न नस जाणणाऱ्या या लोकांना माळाचे राखणदार करता आलं असतं. व्यवस्थेने त्यांना संशयित केलं.

शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आली. मग त्यानंतरही माळढोक घटत का गेला? कारण माळच गेला. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. पाणी आलं, त्याबरोबर ऊस आला, कारखाने आले. मालदांडी ज्वारीचा जिल्हा साखरेचा जिल्हा झाला. ज्वारी, हरभरा, करडई यांच्या शेतात माळढोक चरू शकत होता. उसाच्या फडात तो पाऊलही टाकू शकत नाही. विहिरी आणि बोअरच्या जिवावर माळाच्या कडेपर्यंत बागा आल्या. त्यावर विजेच्या तारा. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही. जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. तो तारेला धडकतो आणि मरतो. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेतल्या माळढोकाच्या टापूत तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. सौरऊर्जेच्या कामात अडचण येते म्हणून सरकार पुन्हा कोर्टात गेलं आणि २०२४ मध्ये तो आदेश सैल झाला.

धरण, कारखाना, बागा, तारा. यातली कुठली गोष्ट भूमिहीनाच्या मालकीची आहे? सभागृहातल्या वक्त्याने याचं उत्तर द्यावं.

अभयारण्य कुणाच्या अंगणात?

नान्नजची एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात इथे काही तुकडे राखले गेले, गवत वाढलं आणि माळढोक तिथे वीण करू लागला. स्थानिक निसर्गप्रेमींनी त्याच्याकडे लक्ष वेधलं, पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी इथे तळ ठोकून काम केलं. म्हणजे माळ राखला तर माळढोक येतो, हे इथे सिद्ध झालं होतं. ते काम आम्ही नाकारत नाही.

पण १९७९ मध्ये सरकारने केलं काय? सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर केलं. अख्खा सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा आहे, यावरून अंदाज घ्या. शेतं, गावं, वाड्या, सगळं आत. वनखात्याची जमीन त्यात अगदी थोडी. कुणाला विचारलं नाही, कुणाचे हक्क आधी ठरवले नाहीत. खरेदी-विक्री, बांधकाम, विहीर, सगळ्यावर टांगती तलवार. मोठ्या बागायतदाराला वाट सापडते. दोन एकरवाल्याला सापडत नाही. लोक पक्ष्यावर चिडले. पुढे २०१२ च्या सुमारास क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं.

तोवर काय झालं? लोकांच्या मनातून माळढोक उतरला आणि माळावरूनही गेला. माणसांना वगळून केलेलं संरक्षण माणसांचंही भलं करत नाही आणि पक्ष्याचंही.

आणि गायरान?

आता आपल्या पोराच्या प्रश्नाकडे.

भूमिहीनांना पडीक जमीन द्या, ही मागणी दादासाहेब गायकवाडांनी रस्त्यावर आणली. १९५९ चा आणि १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आठवा. बायाबापड्या लेकरं काखेत घेऊन तुरुंगात गेल्या. त्या रेट्यातूनच पुढे शासनाला झुकावं लागलं. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची गायरानावरची शेती नियमित करायचं ठरलं. तरी आज कित्येक कुटुंबं जमीन कसतात आणि सातबारा कोराच असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात सार्वजनिक जमिनी मोकळ्या करायला सांगताना, शासन निर्णयाने जमीन मिळालेले भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमाती हा अपवाद ठेवला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्षअखेरपर्यंत गायरानं मोकळी करा म्हटलं, तेव्हा नोटिसा मात्र आधी झोपड्यांच्या दारावर लागल्या.

त्याच खटल्यात सरकारने दिलेला आकडा पाठ करून ठेवा. राज्यात गायरान सुमारे साडेचार लाख हेक्टर. अतिक्रमण सुमारे दहा हजार हेक्टरवर. शंभरातले सव्वादोन! मग माळ कुणी गिळला, हा प्रश्न उरलेल्या हिशेबाला विचारा. आता तर सौरप्रकल्पांसाठी गायरानं नाममात्र भाड्याने दिली जातात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, याला आमचा विरोध नाही. पण कंपनीला देताना गायरान 'उपलब्ध' आणि भूमिहीनाला देताना 'गुरांसाठी राखीव', हा न्याय कुठला?

आपल्यालाही दोन शब्द

मित्रांनो, आपल्यातही एक चूक शिरली आहे. पर्यावरण म्हटलं की आपण म्हणतो, हे सवर्णांचे चोचले. दुर्बीण गळ्यात घालून फिरणाऱ्यांचा विषय. आम्हीही अनेक वर्षं असंच म्हणायचो. ते चूक होतं. महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह कशासाठी होता? सार्वजनिक पाण्यावर सगळ्यांचा हक्क आहे म्हणून. तळं सार्वजनिक, तसा माळही सार्वजनिक. संविधानाच्या अनुच्छेद ३९(ब) मध्ये समाजाची साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी असं म्हटलं आहे, आणि अनुच्छेद ४८अ मध्ये राज्याने वन्यजीव राखावेत असं म्हटलं आहे. दोन्ही एकाच संविधानात आहेत. एक आमचं, दुसरं त्यांचं, अशी वाटणी आपण का मान्य करायची? आणि ज्या अशोकाचं चक्र आपण मिरवतो, त्याने स्तंभलेखात मारू नये अशा प्राणी-पक्ष्यांची यादीच कोरून ठेवली आहे.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमीन राज्याच्या मालकीची करून, जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, असं मांडलं. त्यामागचा विचार हाच की जमीन कुणा एका जातीच्या मुठीत राहू नये. माळाचा प्रश्न याच रस्त्यावरचा आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

एक, १९९१ च्या निर्णयात बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या नावावर जमीन करा. ही जमीन माळढोकाच्या आड येत नाही, तिच्यावर ज्वारी-हरभराच पिकतो.

दोन, उरलेल्या गायरानाचं कारखान्यांना, कंपन्यांना वाटप करण्याआधी ग्रामसभेत, दलित-भटक्या वस्तीच्या हजेरीत निर्णय घ्या.

तीन, अभयारण्यातल्या वनजमिनीवर २००६ चा वनहक्क कायदा खऱ्या अर्थाने लावा. त्यात भटक्या पशुपालकांच्या चराईचा हक्क आहे, तो धनगरांना द्या. आणि अनुसूचित जमातीत नसलेल्यांकडे पंचाहत्तर वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागितला जातो. ज्यांना शतकानुशतकं कागदावर येऊच दिलं नाही त्यांच्याकडून कागद मागणं थांबवा.

चार, माळ राखायला पारधी, धनगर, भूमिहीन तरुणांना पगारी, कायम नोकऱ्या द्या.

पाच, माळावरच्या विजेच्या तारा जमिनीखाली घ्या.

त्या पोराला आम्ही गाडीत एवढंच सांगितलं: पक्षी तुझ्यापेक्षा मोठा नाही आणि तुझा शत्रूही नाही. तुझ्या बापाचे दोन एकर आणि त्याचा माळ एकाच दप्तरात अडकलेत. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग सर, गायरानाच्या अर्जात माळढोकाचं पण लिहायचं का?"

लिहायचं. पुढच्या मोर्चाच्या निवेदनात तो मुद्दा असेल. आपापल्या गावाच्या गायरानाचा गट नंबर आणि क्षेत्र काढून ठेवा, तलाठ्याकडून उतारा घ्या, आज त्यावर कोण आहे ते लिहून काढा. लढाई तिथून सुरू होईल.

जय भीम! जय संविधान!