ॲम्प्लिफायर बदलण्याआधी

मशिदीत आवाज नीट येत नाही अशी तक्रार आली की आपल्या जमातींचा ठराव ठरलेला असतो: नवा ॲम्प्लिफायर घ्या, आणि या वेळी जास्त वॉटचा घ्या. चंदा जमतो, मशीन येतं, चार जुम्मे सगळे खूश असतात. पाचव्या जुम्म्याला तीच घरघर, तीच शिट्टी, आणि निम्मं बयान मागच्या सफेपर्यंत येईस्तोवर भिंतींत विरून जातं. मग कंपनीला दोष द्यायचा आणि पुढच्या रमजानची वाट बघायची. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतोच. आपल्याला बिघाड शोधायची सवय नाही, आणि आवाज मोठा करणं वेगळं, आवाज पोहोचवणं वेगळं, हे आपण लक्षात घेत नाही.

उर्दूत लाउडस्पीकरला एक भारदस्त शब्द आहे: आला-ए-मुकब्बिरुस्सौत. आवाज मोठा करणारं यंत्र. मराठीत आपण ध्वनिक्षेपक म्हणतो, म्हणजे आवाज फेकणारा. हे दोन्ही शब्द मी वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. उर्दू शब्दातला 'मुकब्बिर' आणि आपली 'तकबीर' एकाच धातूतून आलेत. लाउडस्पीकर नव्हता तेव्हा मोठ्या जमातीत इमामांची तकबीर मागे पोहोचवायला माणूस उभा राहायचा, त्यालाही मुकब्बिरच म्हणतात. आजही नमाज चालू असताना लाइट गेली की कुणीतरी हे काम करतो. आता हा माणूस काय करतो ते बघा. इमामांनीच घसा फाडून ओरडावं, अशी अपेक्षा तो ठेवत नाही. तो मध्ये उभा राहतो आणि तीच तकबीर पुढे देतो. अंतर तोडतो.

साऊंड सिस्टीमचं निम्मं शास्त्र एवढ्यात आलं. मेहराबीजवळ एक मोठा स्पीकर लावून तो फुल्ल करण्यापेक्षा खांबाखांबावर लहान स्पीकर हळू आवाजात लावले तर शेवटच्या माणसाला शब्द कळतात आणि पहिल्या सफेतल्याचे कानही दुखत नाहीत.

वॉटचा हिशोबही एकदा मांडून बघू. पन्नास वॉटच्या जागी शंभर वॉटचं मशीन आणलं, पैसे जवळजवळ दुप्पट गेले, तरी आवाजात फरक पडतो तो फक्त ३ डेसिबलचा. कानाला तो जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल वाढायला हवेत, म्हणजे दहापट वॉट. उलट माइक तोंडापासून एक फुटावर आहे, तो अर्ध्या फुटावर आणला तर माइकवर ६ डेसिबल जास्त आवाज पोहोचतो. चौपट ताकदीचं मशीन घेऊन जे मिळालं असतं, ते स्टँड सहा इंच सरकवून फुकट मिळतं. शिवाय माइक जवळ आला की व्हॉल्यूम कमी ठेवता येतो आणि शिट्टी थांबते. शिट्टी म्हणजे स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून गोल गोल फिरत राहणं. तिच्यावर उपाय स्पीकर माइकच्या पुढे लावणं आणि नको असलेले माइक बंद ठेवणं. वॉट वाढवून ती जात नाही.

खरी अडचण शब्दांची आहे. संगमरवरी फरशी, टाइल्सच्या भिंती आणि वर घुमट, अशा हॉलमध्ये आवाज आधीच घुमतो. त्यावर आपण मिक्सरचा 'इको' लावतो, कारण बांग त्यात दमदार वाटते. बांगेचे शब्द सगळ्यांना पाठ असतात, म्हणून तिथे हे खपून जातं. खुतबा आणि बयान पाठ नसतात. त्यांचा अर्थ व्यंजनांवर चालतो, आणि स, श, फ यांसारख्या व्यंजनांचा बारीक भाग साधारण दोन हजार हर्ट्झच्या वर असतो. आपण मात्र आवाजाला 'वजन' यावं म्हणून बेसचं बटण उजवीकडे फिरवतो. घुमणारे खालचे सूर वाढतात, व्यंजनं त्याखाली दबतात. जिथे सीन, स्वाद आणि से यांचे उच्चार वेगळे ठेवायला मदरशात मुलांकडून तास न् तास मेहनत करून घेतो, तिथे मशीन तिन्हींचा एकच फुसफुसाट करून ठेवतं.

बेसचा खरा अर्थ मला माझ्या एका माजी विद्यार्थ्यामुळे कळला. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. त्याच्या गिटारची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. एवढा खालचा सूर हवेत उभा करायला मोठा स्पीकर आणि भरपूर ताकद लागते, म्हणून त्याचा ॲम्प जड. मशिदीवरचा भोंगा याच्या अगदी उलट. तो बोलण्यासाठी बनवलेला असतो, खालचे सूर त्याच्यातून निघतच नाहीत. जबरदस्तीने बेस कोंबला तर आतला पातळ पडदा फाटतो. गिटारच्या ॲम्पला जे हवं, ते भोंग्याला मारक.

या मुलाने सेकंडहँड घेतलेल्या ॲम्पचा आवाज चालू कार्यक्रमात अचानक बारीक व्हायचा. दुकानदाराने सांगितलं, बोर्ड गेलाय, बदलावा लागेल. त्याने बोर्ड बदलला नाही. आधी गिटारची केबल बदलून पाहिली, मग दुसरी गिटार लावली, मग दुसरा स्पीकर. एका वेळी एकच वस्तू बदलायची, हा त्याचा नियम. शेवटी ॲम्पच्या मागच्या 'सेंड' आणि 'रिटर्न' या दोन भोकांना एक छोटी वायर जोडली आणि आवाज पूर्ण आला. म्हणजे बोर्ड ठीक होता, त्या जॅकच्या आतला संपर्क गंजला होता. कॉन्टॅक्ट क्लीनरने काम झालं. विज्ञानाच्या तासाला आम्ही ज्याला प्रयोगाची शिस्त म्हणतो, ती हीच.

आपल्या बहुतेक मोहल्ल्यांत असं एखादं पोर असतं. कुणी ऑर्केस्ट्रात असतं, कुणी डीजेकडे, कुणी मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर. मशिदीच्या साऊंडबद्दल मात्र त्याला कुणी विचारत नाही. संगीताबद्दल उलमांची मतं काय आहेत ते मला ठाऊक आहे, तो वाद इथे काढत नाही. पण वायर कुठे तुटली हे शोधणारा हात संध्याकाळी काय वाजवतो, हा प्रश्न वायरला पडत नसतो. या मुलांना आपण मशिदीपासून लांब ठेवतो आणि मग महागडा मेकॅनिक शहरातून बोलावतो.

मशीन बदलण्याआधी काय तपासावं, तेही सांगतो. आवाजच नसेल तर आधी प्लग आणि फ्यूज. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर आत दोष आहे असं समजावं. तिथे जाड तार गुंडाळून काम चालवणं म्हणजे आगीला दावत. खरखर असेल तर माइक बदलून बघावा, मग केबल. केबलमध्ये बिघाड बहुधा टोकाच्या जोडापाशीच असतो. व्हॉल्यूम फिरवतानाच खरखरत असेल तर त्या बटणाखाली धूळ बसली आहे. सतत घूं असा आवाज असेल तर अर्थिंग बघावं. मिक्सर एका बोर्डावर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर असेल तर दोघांची अर्थिंग दोन वाटांनी जाते आणि ५० हर्ट्झची घरघर शिरते. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले की ती बरेचदा जाते.

काही जण प्लगची तिसरी पिनच कापून टाकतात. घरघर थांबतेही. पण माइकची धातूची जाळी वायरमधून ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेली असते. आत कधी विजेची तार त्या पत्र्याला टेकली तर करंट माइकवर येतो. आणि माइक धरणारा असतो वुजू करून ओल्या हातांनी, ओल्या अनवाणी पायांनी आलेला माणूस. ती पिन त्याच्या जिवासाठी आहे. तसंच, झाकण उघडायचं काम जाणकारावरच सोडावं, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठून असतो.

आणि ओहम. आठ ओहमचे दोन भोंगे समांतर जोडले की मशीनला चार ओहम दिसतात, चार जोडले की दोन. कुणीतरी सवाब म्हणून आणखी एक भोंगा देतो, तोही त्याच वायरला जोडला जातो, आणि एक दिवस ट्रान्झिस्टर जळतात. जास्त भोंगे हवेत तर १०० व्होल्टच्या लाइनवर ट्रान्सफॉर्मरचे भोंगे लावावेत आणि सगळ्यांच्या वॉटची बेरीज मशीनच्या वॉटपेक्षा कमी ठेवावी. बेरीजच करायची आहे.

आता बाहेरच्या आवाजाबद्दल. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बाहेर लावता येत नाही. '७५ डेसिबल चालतं' असं आपण ऐकून असतो, पण नियम आहे त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे आपल्या वाट्याला ६५ येतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचं म्हटलं.

यावर माझे मित्र विचारतात, मोजमाप फक्त आमचंच का? मिरवणुकीतल्या डीजेसमोर मीटर का निघत नाही? प्रश्न खरा आहे आणि तो विचारलाच पाहिजे, कारण कायदा सगळ्यांना सारखा लागला तरच तो कायदा. पण जे बयान आपल्याच मागच्या सफेला कळत नाही, ते बाहेरच्या भोंग्यातून शेजाऱ्यांना ऐकवणं ही हक्काची लढाई नव्हे. बाहेरची आणि आतली लाइन वेगळी करा. बाहेरची फक्त बांगेपुरती आणि मर्यादेत, बाकी सगळं आत. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला उपदेश करतो, त्यात आवाज आवरता ठेवणं हाही एक उपदेश आहे. ही शिकवण कोर्टाने आपल्याला द्यायची गरज नव्हती.

सगळ्यात शेवटी ज्यांचा विचार होतो, त्यांच्याबद्दल. जिथे बायकांच्या नमाजाची सोय आहे तिथे ती बहुधा वरच्या मजल्यावर किंवा बाजूच्या खोलीत असते. जुना, काढून टाकलेला स्पीकर तिथे लावलेला दिसतो. पुरुषांच्या सफेत आवाज गेला तर पुढच्या माणसाकडे बघून रुकू करता येतो. त्या खोलीतून इमाम दिसत नाहीत. स्पीकर बंद पडला की कुणी सजद्यात, कुणी उभी, आणि कुणालाच कळत नाही काय झालं. मशिदीतला सर्वांत चांगला स्पीकर त्या खोलीत असायला हवा.

म्हणून माझी सूचना एका मास्तराची आहे. पुढच्या वेळी चंद्याचं पावतीपुस्तक छापण्याआधी मशिदीत एक इमला घ्या, आपण शाळेत श्रुतलेखन घेतो तसा. बांगीसाहेबांनी माइकवरून वीस शब्द नेहमीच्या आवाजात वाचावेत, निम्मे उर्दू, निम्मे मराठी, स आणि श यांची मुद्दाम सरमिसळ केलेले. दोन माणसं शेवटच्या सफेत आणि दोन बायका त्यांच्या खोलीत वही-पेन घेऊन बसाव्यात. कुठे किती शब्द चुकले, यावरून दोष कुठे आहे ते समजेल. मग त्या ऑर्केस्ट्रातल्या पोराला बोलवा. बहुतेक काम एखाद्या केबलमध्ये, एका क्लीनरच्या बाटलीत आणि दोन लहान स्पीकरमध्ये होऊन जाईल. चंदा ही अमानत आहे. उरलेल्या पैशांत मक्तबला एक चांगला फळाही येईल.