तालीम कुंदगोळची

"आमच्याकडे सगळ्यांना एकच नियम!" असं एखादे क्रीडाशिक्षक अभिमानाने सांगतात, तेव्हा मला जरा शंकाच येते.

तालीम हा शब्द आपल्याकडे पैलवानाचाही आणि गवयाचाही. म्हणून मला आठवतं हुबळीजवळचं कुंदगोळ, सवाई गंधर्वांचं घर. भीमसेन जोशी घरातून पळून, उत्तर हिंदुस्थान हिंडून तिथे आले. त्यांना गुरूंनी घरी ठेवून पाणी भरायला लावलं. मला वाटतं, पोराला आधी एका जागी टिकवायचं असावं. गंगूबाई हनगल प्रपंच सांभाळून हुबळीहून आगगाडीने येत. त्यांना पाणी भरायला लावून काय साधलं असतं? त्यांना मोजक्याच जागा, पण पुन्हापुन्हा घोटून. फिरोज दस्तूर तर सिनेमात काम केलेले मुंबईचे पारशी. तिघांचं गाणं तीन तऱ्हांचं, घराणं मात्र किराणाच, आणि सुरात सवलत कुणालाच नाही.

आमच्या ऑफिसच्या क्रिकेट टीममध्येसुद्धा एकजण चारचौघांत बोलणी खाल्ली की पेटतो. दुसरा पुढच्या रविवारी येतच नाही. शाळकरी मुलांचं तर विचारूच नका. असा मुलगा मैदान सोडून गेला की सर म्हणतात, "जिद्दच नव्हती त्याच्यात." त्याला बाजूला घेऊन कुणी बोललं होतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.