तारा छपरावर, भोकं माळ्यावर

मा. संपादक,


गेल्या अंकातला छपरावरच्या बर्फाचा ‘एका शनिवारचा उपाय’ वाचून मी गप्प बसणार होतो. पण या मंगळवारी पलीकडच्या गल्लीतल्या मित्राने तोच लेख दाखवत मला शिडी धरायला बोलावलं. अंगणात तीन खोकी, प्रत्येकात छपरावरचा बर्फ वितळवायची शंभर फूट हीट केबल, आणि गॅरेजच्या खिडकीतून बाहेर आलेली नारिंगी एक्स्टेन्शन कॉर्ड. छपरावर वीतभर बर्फ. मी शिडी धरली नाही. मित्र रागावला आहे, म्हणून हे पत्र.

लेखकाने न केलेला हिशेब मी करतो. अशी तयार केबल फुटाला साधारण ५ वॉट वीज घेते. ३०० फुटांचे झाले १५०० वॉट. आपल्याकडचं, म्हणजे अमेरिकेतलं, १२० व्होल्टचं १५ अँपिअरचं सर्किट म्हणजे १८०० वॉट; त्यातही तासन्‌तास चालणाऱ्या लोडसाठी ८० टक्केच, म्हणजे १४४०, वापरायचे हा इथला नियम. मर्यादा तिथेच ओलांडली, आणि त्याच प्लगवर दिवाळीपासून लटकणारी दिव्यांची माळ मी अजून मोजलेली नाही. ही केबल महिनाभर अखंड चालू ठेवली तर १०८० युनिट. माझ्या बिलाच्या दराने, युनिटला ३० सेंट धरून, ३२४ डॉलर. आकाश तापवायचे ३२४ डॉलर! लेखात या सगळ्याबद्दल एकच वाक्य आहे: ‘जवळच्या प्लगला जोडा.’

जवळच्या प्लगला जोडू नका. एक्स्टेन्शन कॉर्डला तर नाहीच. केबल बनवणारेच खोक्यावर तसं छापतात. बाहेरचा प्लग जीएफसीआयचा, म्हणजे वीज गळताच बंद पडणारा, हवा, आणि तो दर महिन्याला बटण दाबून तपासायला हवा. साधी, ठरावीक वॉटची केबल स्वतःवरून कधीही ओलांडू द्यायची नसते. जिथे दोन पदर एकमेकांवर येतात तिथे ती जळू शकते. लांब झाली म्हणून कापायचीही नसते. पन्हळीत ऑक्टोबरची वाळलेली पानं तशीच असताना तिच्यातून केबल नेणं म्हणजे शेगडीत पाचोळा घालणं. आणि केबल पन्हळीच्या उभ्या नळातून खालपर्यंत न्यावी लागते, नाहीतर वर वितळलेलं पाणी नळात गोठून बसतं. हे सगळं बर्फ पडायच्या आधी, कोरड्या छपरावर करायचं काम आहे. जानेवारीत, निसरड्या छपरावर, शेजाऱ्याने शिडी धरून नव्हे.

पण माझा खरा राग वेगळा आहे. बर्फाचा बांध छपरामुळे होतो असं लेखक गृहीत धरतात. तो घरामुळे होतो. घरातली ऊब माळ्यावर चढते, छप्पर आतून तापतं, बर्फ खालच्या बाजूने वितळतो. पाणी ओघळत वळचणीपाशी येतं. वळचणीखाली घर नसतं, ती थंडगार असते, तिथे ते पुन्हा गोठतं. मागचं पाणी तुंबतं आणि शिंगलखाली शिरतं. केबल त्या बांधातून एक नागमोडी चर काढते, एवढंच तिचं काम.

२०१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये शंभर इंचांहून जास्त बर्फ पडला, तेव्हा आमच्या देवघरावर पाणी ठिबकत होतं. गणपतीवर छत्री धरून मी तीन रात्री काढल्या. नंतर माळ्यावर चढून पाहिलं तर बाथरूमचा पंखा गरम वाफ बाहेर नव्हे, सरळ माळ्यावरच सोडत होता. माळ्याच्या झाकणाची फट बोटभर. छतात बसवलेल्या प्रत्येक दिव्याभोवती भोक. ती भोकं बुजवली, वर आर-४९ इन्सुलेशन घातलं. केबल एक फूटही नाही. मग ठिबक नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्यांना तर बहाणाच नाही. ‘मास सेव्ह’ या ऊर्जाबचत योजनेसाठी आपल्यापैकी बहुतेकांच्या वीजबिलातून दरमहा पैसे कापले जातात, घराची तपासणी फुकट होते आणि इन्सुलेशनच्या खर्चाचा मोठा वाटा योजना उचलते. कोकणात आमचे आजोबा मृगाआधी घर शाकारून घ्यायचे; गळायला लागल्यावर कौलांना तारा बांधत नव्हते.

काही घरांना माळाच नसतो, काही छपरांच्या दोन उतारांमधली पन्हळ सदा सावलीत असते. तिथे केबल लागते, मान्य. मग थंडीप्रमाणे स्वतःच कमी-जास्त तापणारी घ्या, थर्मोस्टॅटवर ठेवा, आणि इलेक्ट्रिशियनकडून वेगळं सर्किट टाकून घ्या.

विषय निघालाच आहे तर आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीलाही विचारतो. संक्रांतीचं हळदीकुंकू ज्या हॉलमध्ये झालं, त्याच्या पुढच्या दारावर बर्फाच्या हातभर पागोळ्या लटकत होत्या. हॉलवाल्यांनी वर केबल लावली आहे, तिच्या प्लगला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. खाली बायका पैठण्या सावरत पायऱ्या चढत होत्या, पोरं त्या पागोळ्या मोडायला उड्या मारत होती. मी दोघा स्वयंसेवकांना सांगितलं. दोघांनी तिळगूळ दिला. फेब्रुवारीचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये आहे. हॉलवाल्यांशी बोलणं जमत नसेल तर निदान पुढच्या दाराला दोरी बांधा आणि लोकांना पार्किंगच्या बाजूच्या दाराने आत घ्या.

— एक जुना सभासद, ॲक्टन, मॅसॅच्युसेट्स