कोहिनूरविना मुकुट

अंधेरी स्थानकाबाहेर नित्य डब्यांची वर्गवारी करताना दिसणाऱ्या मुंबईच्या डबेवाल्यांनी 2023 मध्ये ब्रिटनचे राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकानिमित्त पुणेरी पगडी आणि उपरणे भेट म्हणून घेतले. पगडी म्हणजे मान, ही महाराष्ट्राची रीत. ब्रिटिश राजघराण्यातही शिरोभूषणाचे संकेत कडक आहेत. टियारा प्रामुख्याने विवाहित स्त्रियांनी, तोही सायंकाळच्या औपचारिक समारंभात घालावा, अशी प्रथा आहे.

6 मे 2023 च्या सोहळ्यात अधिक बोलका ठरला तो न घातलेला दागिना. राणी कॅमिला यांनी राणी मेरी यांचा 1911 चा मुकुट परिधान केला. त्या वर्षी याच मुकुटात कोहिनूर होता. या वेळी मात्र तेथे कलिनन हिरे बसविण्यात आले. भारताच्या भावना दुखावू नयेत, एवढे भान या निवडीत दिसले.

मात्र राजशिष्टाचाराने वाद टळतो, प्रश्न सुटत नाही. 1849 च्या लाहोर तहान्वये अल्पवयीन महाराजा दुलीपसिंग यांच्याकडून घेतलेला हा हिरा आजही लंडनमध्येच आहे. डबेवाल्यांची पगडी स्वखुशीची होती; कोहिनूर तसा नव्हता. हा फरक मुकुटातील हिरे बदलून मिटणारा नाही.